न भरणारा हौद

मॅट्रिकच्या परीक्षेच्या तोंडावर दोन दिवस अभ्यास टाकून मी हरणं बघायला गेलो, याचा मला आजही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ती एक कबुली आहे, आणि कबुली द्यायला बसलेला माणूस त्या काळातलं सगळंच काळं रंगवतो. तसं नव्हतं. ते दोन दिवस चांगले होते. वाईट होती ती एक चिठ्ठी, जी मी निघायच्या आदल्या दिवशी पाव तासात खरडली.

पन्नासच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमचं गाव अंथुर्णे, इंदापूर तालुक्यातलं. कालव्याच्या पाण्यावर थोडी बागायत होती, आणि कालव्याची पाळी नसेल तेव्हा विहिरीवर बैलांची मोट चालायची; तिचं पाणी थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत पडून पाटाला लागायचं. वांगी, कांदा, बांधाच्या कडेनं पेरूची झाडं. वडील मी लहान असतानाच वारले होते आणि घर दादा चालवायचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो चौथी पास झाला तेव्हा गावात पुढचे वर्ग नव्हते. मी चौथी पास झालो तेव्हा ते आले होते. आमच्या दोघांत फरक एवढाच होता, आणि तो आमच्या डोक्यातला नव्हता.

मी बारामतीत बाजारपेठेच्या मागं एका खोलीत दोन सोबत्यांबरोबर राहायचो. जेवण घरून यायचं. अंथुर्ण्याची सकाळची एस.टी. स्टँडवर आली की टपावर वांग्यांच्या पाट्या असायच्या आणि ड्रायव्हरच्या मागं फडक्यात बांधलेल्या डब्यांची रांग. आपापल्या फडक्याच्या रंगावरून पोरं डबा ओळखायची आणि आदल्या दिवशीचा घासलेला डबा त्याच गाडीनं परत जायचा. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. त्यामुळं कुणी त्यात चिमूटभर मीठ टाकायचं, कुणी दोन शेंगा. मीही मीठच टाकायचो. मग दिवाळीच्या सुट्टीत दादा एकदा म्हणाला, "मीठ कशाला धाडतूस रं? घरात मीठ हाय की. त्यापरास एक गणित घालत जा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करत नव्हता. त्याला सातवीची फायनल बाहेरून द्यायची होती. कालव्याच्या खात्यात मोजणीदाराच्या जागा निघणार होत्या. मोजणीदार म्हणजे साखळी घेऊन शेताशेतांतून फिरणारा आणि कुणाचं किती रान भिजलं ते मोजून वहीत मांडणारा माणूस. आमच्या भागाच्या साहेबानं दादाला सांगितलं होतं की फायनल हो, तुझा अर्ज मी स्वतः पुढं सरकवतो. दादाला जमिनीकडं नुसतं बघून गुंठे सांगता यायचे. पण साहेबाला ते कागदावर हवं होतं.

तेव्हापासून रोज रिकाम्या डब्यात माझी एक चिठ्ठी जायची. तिच्यावर एक गणित आणि खाली उत्तर. दुसऱ्या दिवशी भाकरीखाली तीच चिठ्ठी यायची, मागच्या बाजूला दादानं सोडवून दाखवलेली रीत घेऊन. कधी तिच्यावर हळदीचा डाग असायचा, कधी ओल्या मातीचा अंगठा, कारण वाफ्यात पाणी शिरायला लागलं की तेवढ्या वेळात तो बांधावर बसून गणित करायचा. चुकलं तर मी खूण करून परत धाडायचो. काळ-काम-वेग, नफा-तोटा, क्षेत्रफळ, सगळं त्यानं त्या चिठ्ठ्यांवर केलं. फेब्रुवारीच्या अखेरीला फॉर्म भरायचा होता. साहेबाला भेटायला जाताना घालायचा सदरा वहिनीनं धुऊन घडी करून ठेवला होता.

माझीही परीक्षा मार्चमध्ये होती. जानेवारीपासून दादानं मला रविवारी घरी यायला बंदी केली होती. पाण्याची पाळी आली की एकाला पाटाच्या तोंडाशी थांबावं लागे आणि दुसऱ्याला दारं धरावी लागत, म्हणजे एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवून दुसऱ्याचं फोडायचं. ते माझं काम होतं. ते आता वहिनी करत होती. "तू फकस्त वाच," दादा म्हणाला होता. "हितलं आमी बघतू."

आणि मी वाचत होतो. पहाटे उठून वाचत होतो, दुपारी वाचत होतो, शाळेच्या व्हरांड्यात खांबाला टेकून वाचत होतो. फेब्रुवारीच्या मध्याला माझी अशी अवस्था झाली की ओळ डोळ्यांपुढं असायची आणि आत काही जायचं नाही. माझ्या दोन सोबत्यांपैकी एकाचे वडील वालचंदनगरला कंपनीत कारकून होते. त्याच्याकडं स्वतःची सायकल होती आणि कुठल्याही अडचणीवर उत्तर होतं. शुक्रवारी तो माझ्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाला, "तासभर झाला, तू पान उलटलेलं नाहीस."

"पाठ करतोय."

"त्या पानावर नकाशा आहे. नकाशा काय पाठ करतोस? चल उद्या शाळा सुटली की. वरकुट्याला माझा मामा आहे. त्याच्या माळावर हरणं उतरलीत. रविवारी भीमेवर पोहायचं आणि संध्याकाळी परत."

"दादाला काय सांगू?"

"सांगतोस कशाला? रोज चिठ्ठीच जाते ना? दोन लिहून ठेव."

दादाला खरं कळवलं असतं तर त्यानं नाही म्हटलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या जागी वहिनी चिखलात उभी होती. दोन दिवस रिकामे आहेत म्हटल्यावर माणसानं घरी जाऊन दारं धरायला हवी होती. ते मला कबूल करायचं नव्हतं. म्हणून मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. शनिवारच्या चिठ्ठीत सरळव्याजाचं एक गणित घातलं. रविवारची लिहिताना मित्र सायकलला तेल घालत होता आणि एक फेरी मारून बघू म्हणून दारातून हाका मारत होता. मी आठवेल तसं हौदाचं गणित लिहिलं, खाली उत्तर लिहिलं, आणि त्याखाली "भूगोल पूर्ण झाला, इतिहासाला सुरुवात केली" असंही लिहिलं. चिठ्ठ्या तिसऱ्या सोबत्याकडं दिल्या. तो अतिशय सरळ मुलगा होता.

"यात खोटं काही नाही ना?" त्यानं विचारलं.

"गणितात कसलं खोटं असणार?" मी म्हणालो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो, एकाच सायकलवर, आळीपाळीनं पायडल मारत. सरळ रस्ता अंथुर्ण्यावरून जात होता. म्हणून मी हट्ट करून उत्तरेकडच्या गाडीवाटांनी फेर घ्यायला लावला. मित्र वाटभर कुरकुरला. "तुझ्या भावाच्या भीतीपायी माझे गुडघे चाललेत," तो म्हणत होता. ऊस संपला, मग ज्वारी संपली, आणि माळ लागला. कालव्याच्या कडेला वाढलेल्या माझ्यासारख्याला माळ म्हणजे पाणी न पोचलेली जमीन, एवढंच माहीत होतं. इथं मात्र गुडघ्याएवढं वाळलं गवत क्षितिजापर्यंत गेलेलं होतं आणि वाऱ्याबरोबर ते एका अंगाला झुकून पुन्हा सावरत होतं. एकाही बांधानं ते अडवलं नव्हतं.

मित्राचा मामा आम्हाला बघून खूश झाला. भाकरी खाऊन होईपर्यंत त्यानं काही विचारलं नाही. मग आमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पावणं, कापडं काढा."

"का?"

"पांढरी हायती. लग्नाला आल्यागत. हरणास्नी काय आहेर द्यायचा हाय का?"

आम्ही सदरे काढून त्याची जुनी घोंगडी पांघरली आणि त्याच्यामागं निघालो. तो मधूनच चिमूटभर माती उचलून सोडून बघायचा आणि वारा आमच्या तोंडावर येईल अशी वाट धरायचा. शेवटी एका उंचवट्यामागं त्यानं आम्हाला पालथं पाडलं. पुढं, ढेकूळ फेकलं तर पोचेल इतक्यावर, सात हरणं चरत होती. मी पुस्तकातली हरणं बघितली होती. ती धष्टपुष्ट, ठिपक्यांची असतात. ही लहान होती, वाळल्या गवताच्याच रंगाची. त्यांची शेपटी मात्र एक क्षण स्थिर नव्हती. एक मादी मान वर करून आमच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यापासून नाकापर्यंत गेलेली पांढरी रेघ मला स्पष्ट दिसत होती. मग ती शिंकली. अगदी माणसासारखी, छोटी, कोरडी शिंक. आणि सातही जणं उधळली. पळताना त्यांचे पाय जमिनीला लागलेले मला दिसले नाहीत.

"शिंकली म्हंजी समद्यांला सांगितलं तिनं," मामा उठत म्हणाला. "आता गावतील व्हय ती?"

"घोंगडीचा वास आला असेल तिला," मित्र म्हणाला.

"घोंगडीचा वास तिला वळखीचा हाय, भाच्या. तुझ्या डोस्क्याच्या तेलाचा आला."

रविवारी मामानं आम्हाला बैलगाडीतून भीमेवर नेलं. आता तिथं धरणाचं पाणी पसरलं आहे. तेव्हा नदी उघडी होती. रुंद पांढरी वाळू, वाळूत खड्डे करून लावलेले कलिंगडांचे वेल, आणि पलीकडच्या कडेनं काळ्या खडकांमधून वाहणारं पाणी, इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. आम्ही दुपारपर्यंत पोहलो. अंग वाळवत खडकावर पडलो असताना माझ्या मनात आलं की हे पाणी कुणालाही विचारत नाही. याला पाळी नाही, दार नाही, याची कुणी वाट बघत बसत नाही. त्या क्षणी मला परीक्षेची भीती उरली नाही. डोकं धुतल्यासारखं मोकळं झालं. पुढं मी पहिल्या वर्गात पास झालो, त्यात त्या खडकाचाही वाटा आहे असं मी मानतो.

संध्याकाळी खोलीवर पोचलो तेव्हा तिसरा सोबती म्हणाला, "दोन्ही चिठ्ठ्या घातल्या. दोन्ही डबे खाल्ले. तुझी वहिनी वांग्यात तिखट फार घालते."

सोमवारचा डबा आला तेव्हा भाकरीखाली चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, पाण्याची पाळी चालू असेल. मी नवं गणित धाडलं. ते दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं परत आलं, मागची बाजू कोरी. आणखी एक धाडलं, तेही तसंच आलं. गुरुवारी मी डब्यात चिमूटभर मीठ टाकलं.

इथं हात अडतो, पण लिहितो. मला काळजी वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. रोज एक गणित शोधायचं, रोज एक तपासायचं, हे काम कमी झालं होतं आणि माझी परीक्षा जवळ आली होती. एक ओळ लिहून विचारता आलं असतं, "दादा, गणित का करत नाहीस?" मी विचारलं नाही. फेब्रुवारी संपला. फॉर्मची तारीख मला पाठ होती. ती गेली त्या दिवशी मी संस्कृतची रूपं म्हणत होतो.

परीक्षा झाली आणि मी घरी गेलो. एस.टी.तून उतरून पिशवी ओट्यावर टाकली, आईच्या पाया पडलो आणि सरळ रानात गेलो. दादा वांग्यांना पाणी देत होता. वहिनी वरच्या वाफ्यांत खुरपत होती.

"पेपर कसं गेलं?" दादानं विचारलं.

"चांगले गेले."

"जाणारच की."

मी पायतण काढून त्याच्या हातातलं खोरं घेतलं. दोन वाफे झाल्यावर विचारलं, "तुझ्या फॉर्मचं काय झालं?"

"न्हाय भरला."

"का?"

"आपल्या डोस्क्याचं काम न्हाय त्ये." तो हे अगदी सहज बोलला, जसं एखादं बियाणं या जमिनीत येत नाही म्हणावं तसं. "उगं साह्यबाचा बी येळ घालवायचा."

"पण तुला सगळं येत होतं."

"हौद न्हाय आला."

मला आधी कळलंच नाही. तेव्हा त्यानं माझं गणित तोंडपाठ म्हणून दाखवलं. एका नळानं हौद सहा तासांत भरतो. दुसऱ्या नळानं भरलेला हौद चार तासांत रिकामा होतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर हौद किती तासांत भरेल? उत्तर, बारा तास.

"मी पैल्यांदा वाचलं आन् म्हणलं, ह्यो भरायचाच न्हाय. येणाऱ्यापरास जाणारं जास्ती हाय. भरंल कसा? मग म्हणलं, आपुन काय शिकल्यालो, उत्तर दिल्यालं हाय म्हंजी भरतच आसंल. दिसभर केलं. बारा येतंय, पर भरल्याला हौद बारा तासात मोकळा हुतोय. भरंना काय त्यो." तो थोडा हसला. "मोटंच्या थारोळ्यावर बी करून बघितलं. खालचं तोंड मोठं फोडलं आन् वर बैल चालू ठिवलं. थेंब टिकला न्हाय. तवा म्हणलं, शाळंतल्या हौदाचं काय तरी येगळं आसंल. आपल्याला जे दिसतंय त्ये तितं चालत न्हाय."

"मी म्हणलं हुतं," वहिनी वरून म्हणाली. ती कधी जवळ आली होती ते आम्हाला कळलं नव्हतं. "म्हणलं, भावजींनी उलटं लिवलं आसंल. तर माझ्यावर खेकसलं. त्यो मॅट्रिकला हाय म्हणं, तू वांगी तोड."

माझ्या हातातलं खोरं तसंच राहिलं आणि वाफा फुटून पाणी वाटेवर आलं. दादानंच पुढं होऊन ते बुजवलं.

मी तिथं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हरणं, भीमा, आधी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या, अंथुर्णे टाळून घेतलेला फेर. भरायला चार आणि रिकामं व्हायला सहा असं हवं होतं, मी आकडे उलटे लिहिले, पुन्हा वाचून बघितलं नाही, हेही सांगितलं. तुझी उत्तरं यायची थांबली तेव्हा विचारलं नाही, आणि का विचारलं नाही, तेसुद्धा सांगितलं. त्या सगळ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट मी नीट केली.

दादानं हातांचा चिखल पाटाच्या पाण्यात धुतला. मग म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून सांगतूस."

त्याचा माझ्यावर तेवढा विश्वास होता. मी खोटं लिहिलं असेल हे त्याला खरं वाटेना. त्याचं मन राखायला मी आत्ता खोटं बोलतोय, हे त्याला जास्त पटत होतं. शेवटी मी बांधावरच्या ओल्या मातीत काडीनं गणित मांडलं. आधी चुकीचं, मग बरोबर. दुसरं मांडून होतंय तोवर त्यानं माझ्या हातातली काडी काढून घेतली आणि स्वतः सोडवलं. बारा तास आले. हौद भरला. त्यानं पुन्हा वरचं चुकीचं गणित बघितलं, बराच वेळ बघितलं.

"म्हंजी माझं बरूबर हुतं," तो म्हणाला.

"व्हय."

"भरतच न्हवता त्यो."

"न्हाय."

तो वहिनीकडं वळला. "ऐकलंस का? भरतच न्हवता."

"आता मला सांगत्यात," वहिनी म्हणाली.

त्यानं माझ्यावर रागवावं असं मला वाटत होतं. त्यानं मला खोऱ्याचा दांडा मारला असता तर मी आज कदाचित हे लिहीत नसतो. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. महिनाभर आपण मठ्ठ आहोत असं धरून चाललेल्या माणसाला आपण मठ्ठ नाही हे कळलं होतं, आणि त्या आनंदात गेलेली तारीख तो थोडा वेळ विसरला होता. मी विसरलो नव्हतो. त्या उन्हाळ्यात मोजणीदाराच्या जागा भरल्या गेल्या. दादा पुढच्या वर्षी फायनलला बसला आणि पास झाला, पण आमच्या भागात नव्या जागा निघाल्या नाहीत, आणि निघाल्या तोवर त्याचं वय उलटून गेलं होतं. तो आयुष्यभर वांगी आणि कांदा करत राहिला. मी गेली पंचवीस वर्षं पंख्याखाली बसून नोकरी करतो आहे. त्यानं मला कधीही, रागाच्या भरातही, त्या चिठ्ठीची आठवण करून दिलेली नाही.

त्या दिवशी पाणी संपल्यावर आम्ही पेरूखाली बसलो. दादानं हरणांबद्दल विचारलं. किती होती, केवढी होती, पळताना उडी किती लांब जाते. शिंकणाऱ्या मादीचं ऐकून तो मोठ्यानं हसला. गावापासून इतक्या जवळ हे असतं, ते त्यालाही माहीत नव्हतं. पाळी सोडून तो कधी तिकडं गेलाच नव्हता.

मग त्यानं हात झटकले आणि पायापुढची माती सारखी केली.

"घाल एक नवीन," तो म्हणाला.

मी वेगाचं एक गणित सांगितलं, दोन गाड्यांचं. त्यानं काडी उचलली नाही. ती माझ्यापुढं धरली.

"ह्या खेपंला आधी तू सोडीव."

मी सोडवलं. उत्तर आलं. त्यानं ते पायानं पुसलं नाही की स्वतः करायला घेतलं नाही. मी दुसऱ्या रीतीनं ताळा करून दाखवेपर्यंत तो थांबला, दोन्ही उत्तरं एकमेकांशी ताडून बघितली, आणि मगच काडी हातात घेतली.